जनावर रिंगणात, वाकळ मांडवात : प्रदर्शनात उतरायची तयारी

प्रदर्शनातलं बक्षीस बहुतेक वेळा रिंगणात हुकत नाही, अर्ज भरतानाच हुकतं. कालवड देखणी असते, खाऊनपिऊन टंच असते, पण अर्जात 'आदत', म्हणजे अजून फक्त दुधाचे दात असलेली, असं लिहिलेलं असतं आणि पंचानं खालचा ओठ ओढला की दोन रुंद दात समोर येतात. पुढं कितीही हुज्जत घातली तरी ती त्या गटातून बाद. हातकामाच्या मांडवात वाकळीचंही, म्हणजे कापडाचे थर शिवून केलेल्या गोधडीचंही, तसंच. वरून नजर ठरत नाही इतकी सुंदर असते, पंच ती उलटी करतो आणि मागं गाठींचा बाजार दिसतो.

म्हणून तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करायची. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते, म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा जानेवारीचा पहिला. तिथल्या पशुप्रदर्शनात उतरायचं असेल तर दसऱ्यालाच जनावर निवडून ठेवावं. दिवाळीनंतर निवडलेलं जनावर धुऊन-पुसून नेता येतं, तयार करून नेता येत नाही.

कोणत्या गटात?

आधी माहितीपत्रक मागवा आणि गटांची यादी नीट वाचा. साधारण जात, नर-मादी आणि दात यांवर गट पाडलेले असतात. दुभत्या गाई-म्हशींचा, बैलजोडीचा, वळूचा गट वेगळा. शेळ्या-बोकडांचं वेगळं. एकच जनावर दोन गटांत चालतं का, हेही तिथंच लिहिलेलं असतं. नसेल तर अर्ज देतानाच विचारा.

दात घरी बघायचे. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळं तोंड वासायची झटापट करायचं कारण नाही. एकानं म्होरकी धरावी आणि दुसऱ्यानं अंगठ्यानं खालचा ओठ दाबून खाली घ्यावा. दुधाचे दात बारीक, पांढरेशुभ्र आणि मुळाशी निमुळते असतात. पक्के दात दुप्पट रुंद, फावड्यासारखे आणि किंचित पिवळट. मधली जोडी सुमारे दोन-अडीच वर्षांत येते, चार दात तिसऱ्या वर्षाच्या आसपास, सहा दात साडेतीनला आणि चार-साडेचार वर्षांपुढं आठही दात पुरे होतात, म्हणजे जनावर जुळतं. देशी जनावरांत हे थोडं मागंपुढं होतं. मेख अशी की अर्ज आणि प्रदर्शन यांच्यात महिना-दीड महिना जातो, आणि तेवढ्यात हिरडी फोडून दात वर येऊ शकतो. मधला दुधाचा दात हलत असेल तर 'आदत'चा मोह सोडा आणि दोनदातीत नाव द्या. तिथं ती वयानं लहान दिसेल, तोटा होईल, पण बाद तरी होणार नाही.

पंच किंमत बघत नाही, जात बघतो

बाजारात दोन लाखांना मागितलेला खोंड प्रदर्शनात मागं पडतो आणि मालक संतापतो. बाजार काम, ताकद, चाल बघतो. जातिवंत गटातला पंच मात्र त्या जातीची लक्षणं किती उतरली आहेत ते बघतो.

लालकंधारीत रंग एकसारखा गडद लाल हवा. वळू-बैल गाईपेक्षा गडद, मान आणि खांद्याकडं काळसर झाक असली तरी चालते. डोळ्याभोवती काळी कड, लांब पडलेले कान, मध्यम आकाराची दोन्हीकडं सारखी वळलेली शिंगं आणि काळा शेपूटगोंडा. पोटाखाली किंवा कपाळावर ठसठशीत पांढरा डाग असेल तर ती गाय दुधाला कितीही चांगली असो, जातिवंत गटात नेऊ नका.

देवणीत लोकांचा गोंधळ रंगावरून होतो. अंगभर काळे-पांढरे पट्टे म्हणजेच देवणी, असा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात तीन प्रकार धरतात. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. पांढऱ्या अंगाला खालच्या भागात काळे ठिपके तो बालंक्या. आणि पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे डाग तो शेवरा. अर्जात प्रकार लिहायला जागा असेल तर नक्की लिहा. शिवाय भरदार कपाळ, लोंबते कान, सैल कातडी आणि गळ्याखालची भरघोस पोळी यांकडं पंचाची नजर जाते.

म्हशीत मराठवाडी आणि पंढरपुरीची गल्लत होते. मराठवाडीची शिंगं मानेला समांतर मागं जातात आणि खांद्यापाशी थांबतात. पंढरपुरीची खांद्याचा फरा ओलांडून पार मागं जातात. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीभोर असते, पण तपकिरी आणि ठिपक्यांच्याही असतात, त्यामुळं निव्वळ रंगावरून ती बाद ठरत नाही. या जातीचं नाव जुळ्यांसाठी आहे. आई आणि दोन्ही करडं एकत्र दाखवायचा गट असेल तर त्यात उतरायला मागंपुढं पाहू नका. फक्त दोन्ही करडं सारख्या अंगाची हवीत. एक गुबगुबीत आणि एक मरतुकडं असेल तर आईला दूध कमी, हे न सांगता कळतं.

वजन विचारलं असेल आणि काटा जवळ नसेल तर टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६० म्हणजे अंदाजे किलो. घेर ७० आणि लांबी ५८ असेल तर वजन साधारण ४३० किलो. सकाळी, चारापाण्याआधी मोजायचं. पोट भरल्यावर मोजलं तर आकडा फुगतो.

कागद, टॅग आणि लस

कानातला बारा अंकी पिवळा टॅग नसेल तर पुढचं काही बोलायलाच नको. १ जून २०२४ पासून राज्यात टॅगशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक बंद आहे. टॅग असूनही अडचण येते ती विकत घेतलेल्या जनावरांची, कारण ऑनलाइन नोंदीत मालक म्हणून जुन्याच माणसाचं नाव असतं. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ते बदलून घ्या, आणि बदललेलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघूनच उठा. बक्षिसाची रक्कम खात्यावर येते, तेव्हा टॅगवरचं, आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव एकच हवं. टॅग गळून पडला असेल तर नवा मारून कानाची जखम भरायला दोन आठवडे द्या. पू झालेला कान घेऊन रिंगणात जाऊ नये.

लाळ्या-खुरकूत आणि लंपीची लस गाई-बैलांना, शेळ्यांना पीपीआर या साथीच्या रोगाची. प्रदर्शनाच्या निदान एक महिना आधी. लस टोचली की दुसऱ्या दिवशी संरक्षण मिळत नाही, अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तीन आठवडे लागतात. त्यात लस दिल्यावर दोन-चार दिवस ताप येऊन दूध उतरू शकतं. म्हणून आदल्या आठवड्यात घाईनं टोचून घेणं दोन्हीकडून तोट्याचं. आरोग्य दाखला मात्र निघायच्या एक-दोन दिवस आधीच घ्यायचा, कारण शिळा दाखला गेटवर चालत नाही. २०२२ मध्ये लंपीमुळं राज्यभर जनावरांचे बाजार आणि प्रदर्शनं बंद ठेवावी लागली होती. तेव्हापासून गेटवर तपासणी कडक झाली आहे, आणि ते बरंच आहे.

अंग भरायचं, फुगवायचं नाही

दोन महिन्यांत जनावर गोल करायच्या नादात लोक ज्वारीचा भरडा आणि पीठ वाढवत नेतात. एकदम वाढवलेल्या धान्यानं पोटात आम्ल होतं. रवंथ थांबते, शेण पातळ आणि आंबूस येतं, पुढं खुरं दुखायला लागतात. खुराक वाढवायचा तर दर तीन-चार दिवसांनी पाव-अर्धा किलोनं. दुभत्या गाईला प्रत्येक अडीच लिटर दुधामागं एक किलो, म्हशीला दोन लिटरमागं एक किलो आणि वर अंगासाठी एक-दीड किलो, हा जुना हिशेब पुरेसा आहे. सरकी पेंड, हरभरा-तुरीची चुणी आणि गव्हाचा भुसा एकत्र करावा. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ. कातडीवरची चमक तेलानं येत नाही, ती आतून येते, म्हणून खनिज मिश्रण दोन महिने एक दिवस न चुकता द्या. जंताचं औषध दीड महिना आधी, गोचिडाचं तीन आठवडे आधी. औषधानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

खूर महिनाभर आधी साळून घ्या. आदल्या दिवशी साळलेल्या खुरानं जनावर खड्यावर पाय चोरतं आणि पंचाला ते लंगडं वाटतं. शिंगाचंही तसंच. काचेनं शिंग खरवडून तुकतुकीत करायची आपल्याकडं पद्धत आहे, पण अती तासलं तर मुळाशी रक्त येतं आणि शिंगाचा मूळ आकार जातो. वरचे पापुद्रे काढून करडईच्या तेलाचा फडका फिरवला की झालं. वार्निश, रंग, गोंडे, बाशिंग, झूल हा पोळ्याचा साज. मिरवणुकीत घाला, पण रिंगणात जाताना सगळं उतरवा. झुलीखाली पाठीची रेघ झाकते, आणि पाठ झाकलेली दिसली की काहीतरी लपवलंय अशी शंका पंचाला येतेच.

आता चाल. रोज वीस-तीस मिनिटं जनावर कासऱ्यावर फिरवा. आठवड्यानंतर अनोळखी माणसाला दात, कास आणि पाय हाताळू द्या. घरात लेकराच्या हाताखाली गरीब असणारी गाय परक्या माणसानं कासेला हात लावताच लाथ झाडते, आणि मग तिची कास बघायचीच राहून जाते. भोंगा, ढोल, फटाके यांची सवय व्हावी म्हणून गावातल्या लग्नाच्या वरातीजवळून दोन-चार वेळा न्यावं. विनोद वाटेल, पण यासारखा सराव नाही.

दुधाच्या स्पर्धेत

पद्धत ठरलेली असते. आदल्या वेळेला पंचांसमोर कास पूर्ण रिकामी करायची, मग पुढच्या धारा मोजायच्या. आकडा किलोत घेतात की लिटरमध्ये, हे आधी विचारा. एक लिटर गाईचं दूध साधारण १.०३ किलो भरतं आणि लिटरच्या मापात फेसाचा घोळ होतो.

घरी सकाळी सातला धार काढत असाल आणि तिथं पाचला असेल, तर दोन आठवडे आधीपासून रोज दहा मिनिटं वेळ मागं आणा. धार काढणारा हात तोच ठेवा. पान्ह्यासाठी वासरू लागत असेल तर ते सोबत नेता येतं का, हेही विचारून घ्या. काहीजण पान्हा सोडवायला सुई टोचतात. तसं इंजेक्शन प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हा ठरतं, आणि सवय लागलेली गाय पुढं सुईशिवाय दूधच सोडत नाही.

गाडीत चढवताना

मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं नेऊ नयेत, असा जनावरांच्या वाहतुकीचा नियम आहे. फळ्या लावून उतार करा, उडी मारायला लावू नका. खाली भुसकट किंवा वाळू अंथरा, नाहीतर शेणा-मुतानं पत्रा निसरडा होतो. तोंड शक्यतो इंजिनाकडं. दावं इतकं आखूड नको की बसता येणार नाही, आणि इतकं लांब नको की पाय अडकेल. पोहोचायचं ते एक दिवस आधी, म्हणजे शिणलेलं जनावर रवंथ धरतं.

सोबत कडबा घरचाच. मोठ्या जनावराला दिवसाला सहा-सात पेंढ्या धरा, वर एखादी जास्त. पाण्याची गोष्ट बरेच जण विसरतात. परक्या पाण्याला गाय तोंड लावत नाही, मग पोट आत जातं आणि दूध तुटतं. यावर साधा उपाय आहे. निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवून पाजायला लागा, आणि तिथंही तोच गूळ टाका. वास ओळखीचा असला की ती पिते. बादली आणि घमेलंही घरचंच न्यावं. दुसऱ्याच्या घमेल्यातून रोग येतो.

माळेगावच्या माळावर त्या दिवसांत रात्री कडाक्याची थंडी असते. आंघोळ आदल्या दिवशी दुपारी, ऊन असताना घालावी. शिकेकाई किंवा रिठा पुरे. प्रदर्शनाच्या पहाटे धुतलेलं जनावर केस ताठ करून कुडकुडत उभं राहतं आणि अंगाची सगळी शोभा जाते. पहाटे फक्त कोरडा खरारा, ओल्या फडक्यानं डोळे, नाकपुड्या आणि शेपटीखालचा भाग. म्हशीला तेल चोपडलंच असेल तर अगदी हलकं. दाट तेलावर माळाची धूळ बसते आणि दहा वाजेपर्यंत काळी म्हैस मातकट होते.

रिंगणात

पंच मध्ये, जनावरं भोवती. तुम्ही पंच आणि जनावर यांच्या मध्ये येऊ नका, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धं काम झालं. उभं करताना पुढचे पाय एका रेषेत ठेवा. दुभत्या गाईचा पंचाकडचा मागचा पाय किंचित मागं, म्हणजे कासेचा पुढचा भाग, सड आणि दुधाची शीर त्याला दिसते. जागा थोडी उंच-सखल असेल तर पुढचे पाय उंचवट्यावर घ्या, पाठ सरळ दिसते. पंचानं विचारलं तेवढंच सांगायचं: दात, वेत, व्यायला किती दिवस झाले. मागच्या वर्षीचं बक्षीस आणि कोणी किती लाखाला मागितली, हे सांगून गुण मिळत नाहीत. शेजारचं जनावर उधळलं तर कासरा आखूड घेऊन आपलं तोंड बाहेरच्या बाजूला वळवा. वेसण हिसकू नका. वेदनेनं डोकं वर टाकणारं जनावर रागीट म्हणून लिहिलं जातं.

हातकामाचा मांडव

हातकामाचा विभाग असतो तिथं निकष जवळपास सारखेच: हातानंच केलेलं आहे का, काम एकसारखं आहे का, वस्तू वापरात टिकेल का आणि स्वच्छ आहे का. यातल्या पहिल्यावर फार जण घसरतात. कडा मशीनवर मारलेली वाकळ 'हातशिलाई' गटात देऊ नका. मशीनची टीप लपत नाही.

वाकळीला नऊवारीचा हिशेब सोपा पडतो. लुगडं सव्वाआठ मीटरचं, चार तुकडे केले की दोन-दोन मीटरचे चार थर. आधी सगळं कापड कोमट पाण्यात धुऊन कांजी आणि आक्रस काढून टाका, नाहीतर पहिल्या धुण्यात वरचा थर आखडतो आणि वाकळ फुगे धरते. रंग जातो का ते बघायला ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर घासा. लाल, निळ्या कापडाला ही परीक्षा हवीच. थर सपाट जमिनीवर ताणून ठेवा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हा टप्पा गाळला की शिवताना खालचा थर सरकतो आणि चुण्या पडतात, त्या नंतर कशानंच जात नाहीत. धावदोरा बाहेरच्या कडेनं सुरू करून चौकोनाचौकोनानं आत यावं. टाका भाताच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटाचं अंतर. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा पीळ धरून गुंततो. गाठ वर किंवा मागं न ठेवता सुई थरांमधून ओढून आत दडवायची. पंच कोपरा हातात घेतो आणि दाबून बघतो. कोपरा टणक, काटकोनात आणि चुणी नसलेला असेल तर तो वाकळ पुढं उलगडून बघतो.

अंबाडीच्या दोरात वाख, म्हणजे सालीचा धागा, नीट धुतलेला असावा. कुजवताना राहिलेली साल दोरात गाठीसारखी दिसते आणि हाताला बोचते. दोर तिपेडी असेल तर तिन्ही पेड एका जाडीचे आणि पीळ टोकापासून टोकापर्यंत सारखा हवा. तपासायला दोर मध्ये धरून सैल सोडा. वेटोळं पडलं तर पीळ जास्त झालाय, पेड उघडले तर कमी. गोफण, शिंकं, मुसकं अशा वस्तू आता फार कमी हात करतात, त्यामुळं नीट विणलेली गोफण नजरेत भरते.

घोंगडीला चिंचोक्याच्या खळीचा ताठपणा हवा, पण पांढरे पापुद्रे दिसायला नकोत. डांबरगोळीचा वास नको, घडीत सुका कडुलिंब ठेवा. फेटिया-काचळीवरच्या (घागरा-चोळीवरच्या) बंजारा भरतकामात आरसे काचेचे असावेत, कड टाक्यांनी पूर्ण झाकलेली असावी आणि कवड्या हलायला नकोत. पापड-कुरडया देत असाल तर सगळ्या एका मापाच्या, न तुटलेल्या, आणि बरणी किंवा पुडा अगदी कोरडा.

प्रत्येक वस्तूला कापडी पट्टी टाचा. वस्तूचं नाव, साहित्य, माप, किती दिवस लागले. विक्रीला नसेल तर तसं ठळक लिहा, मांडवात गर्दी वाढली की वस्तू बदलतात. देताना पावती घ्या आणि चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

घरी आल्यावर

गाडीतून उतरलेलं जनावर थेट दावणीला बांधू नका. वेगळं बांधा, त्याची बादली वेगळी, आणि धार सगळ्यात शेवटी. लाळ्या-खुरकूत दोन आठवड्यांत दिसते, लंपीची गाठ उठायला चार आठवडेही लागू शकतात, म्हणून वेगळं ठेवायचं तर महिनाभर. रोज सकाळी ताप आणि तोंडातून लाळ गळते का ते बघा. शिल्लक कडबा परत आणू नका, तिथंच कुणाला तरी द्या. चपला, कासरे आणि झूल धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून उन्हात वाळवा.